नकाशा त्याच्या मांडीवर राहू द्या

ताई,
माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. परीक्षा संपली, निकालाला अवकाश आहे. त्याच्या मामानं (वय ३४) एक टूम काढली आहे: दोघांनी मामाच्या जुन्या मोटारीतून ८ दिवस भटकायचं. हमरस्ते टाळायचे, खेडोपाडच्या आडरस्त्यांनी जायचं. रोज सकाळी कुठं जायचं ते मुलानं ठरवायचं आणि मुक्काम मिळेल तिथं. माझी बायको दोन मिनिटांत हो म्हणाली. मी म्हटलं, आमच्या घरात असलं कुणी केलेलं नाही, निदान मी सोबत येतो. मुलगा ताटात बघत म्हणाला, 'मग राहू दे.' त्याला दोन आठवडे झाले.

माझे प्रश्न असे. मामा म्हणतो, मोकळ्या रस्त्यावर थोडी गाडी चालवायला देईन. मुलाकडे परवाना नाही. देऊ द्यावी का? मुलाचे दोन मित्रही मागं लागलेत, गाडीत जागा आहे. त्यांना नेऊ द्यावं का? आडरस्त्यांवर फोन लागत नाही. तो कुठं आहे ते मला दिसत राहील असं ॲप त्याच्या फोनमध्ये त्याला न सांगता टाकून ठेवावं का? दिवसातून किती वेळा फोन करायला लावू? टायर दोन वर्षांचे आहेत, ब्रेक मधूनच चरचरतात. रात्रीचा प्रवास, पाऊस, ओढे, आडवी येणारी जनावरं, सगळंच डोळ्यांपुढे येतं. माझी झोप उडाली आहे.
— एक काळजीतला बाप

नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात टायर, ब्रेक, ओढे आणि जनावरं दिसली. दुसऱ्या वाचनात ताट दिसलं. 'मग राहू दे' हे मुलाचं बोलणं तुम्ही एका ओळीत उरकलंत आणि लगेच टायरांकडे वळलात, पण दोन आठवडे मात्र मोजून ठेवलेत. तिकडे येते. आधी रस्त्याचं बघू, त्या प्रश्नांना निदान सरळ उत्तरं आहेत.

गाडी चालवायला द्यायची नाही. परवाना नाही म्हणजे नाही, रस्ता कितीही मोकळा असो. हे मामाला तुम्ही स्वतः सांगा, मुलाकरवी निरोप नको. मोकळ्या रस्त्यावरच गाडी नकळत पळते. ताशी ८० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढं गेलेली असते, आणि झुडपातून वासरू बाहेर यायला सेकंदच लागतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. हे तुमच्या मुलानं शाळेत पाठ केलेलं असणार, पण त्याच्या पायाला ते अजून ठाऊक नाही. काही झालंच तर विमा कंपनीही हात वर करील. मामा प्रेमळ दिसतोय, पण हे लाड नकोत.

मित्रांनाही या खेपेला नाही. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर मोटार चालवण्याचा खेळ होता, सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं की दामटायचं हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. १३ ते १६ वर्षांची मुलं एकटी असताना जेवढा धोका पत्करत, त्याहून बराच जास्त मित्र शेजारी बसून बघत असताना पत्करत. २४च्या पुढच्या माणसांना मित्र असले काय, नसले काय, फरक पडला नाही. न्यूझीलंडनं १९८७ साली नव्या तरुण चालकांना टप्प्याटप्प्यानं परवाना द्यायला सुरुवात केली, त्यात रात्री चालवण्यावर आणि सोबत कुणाला बसवायचं यावर बंधनं घातली. पुढं बऱ्याच देशांनी तोच मार्ग धरला. तुमच्याकडे चाक मामाच्या हातात असणार, तेव्हा हा धोका तितका थेट नाही, हे मान्य. माझं खरं कारण दुसरंच आहे. तीन पोरं गाडीत बसली की मामाचा ड्रायव्हर होतो आणि भटकंतीची सहल होते. सहलीत वाईट काही नाही, पण तिघांत मिळून नकाशा कुणाचाच नसतो. हा मुद्दा पुढं येईल.

ज्या गोष्टीबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, तिची मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटते. मामाची झोप. सकाळी ६ला उठलेला माणूस रात्री ११ला चाकामागं असेल तर तो १७ तास जागा आहे. इतका वेळ जागा असलेल्या माणसाचे हात, डोळे आणि निर्णय रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतके ढिले पडतात, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे, आणि तेवढी दारू प्यायलेल्याला अनेक देशांत गाडी चालवू देत नाहीत. ताशी ८०च्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे डोळे मिटून जवळजवळ ९० मीटर. काच उघडणं, गाणी मोठ्यानं लावणं, गालावर पाणी मारणं यांतलं काहीही फार वेळ टिकत नाही. झोपेवर उपाय झोपच. म्हणून अंधार पडायच्या आत मुक्काम, दर दोन तासांनी खाली उतरून पाय मोकळे करायचे, आणि दुपारी दोन ते चारच्या पेंगुळत्या वेळी झाडाखाली गाडी लावून २० मिनिटं आडवं व्हायचं. एवढं पाळलं तर तुमच्या पत्रातला रात्रीचा प्रवास आपोआप पुसला जातो आणि तिन्हीसांजेला आडवी येणारी जनावरंही निम्मी कमी होतात.

यात एक मेख आहे. या वयात शरीराचं घड्याळच पुढं सरकलेलं असतं, झोप उशिरा येते आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. रात्री अकराला तुमच्या मुलाला बोलायची हुक्की येईल आणि मामा भिडस्तपणे जागत बसेल. मुलाला सांगा की रात्री मामाला झोपू देणं आणि रस्त्यात त्याचे डोळे जड झालेले दिसले तर 'मामा, थांब' म्हणणं, हे त्याचं काम. त्यानं तसं म्हटलं की गाडी थांबली पाहिजे, हे मामाकडून कबूल करून घ्या. वाद नाही, 'अरे मी ठीक आहे' नाही.

ओढ्यांचं थोडक्यात. वाहतं पाणी रस्त्यावरून जात असेल तर गाडी घालायची नाही. ३० सेंटिमीटर खोल वाहतं पाणी लहान मोटार उचलू शकतं, ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं. वरून ते गुडघाभर आणि गरीब दिसतं, आणि खाली रस्ता उरलाय की वाहून गेलाय ते दिसत नाही.

टायर दोन वर्षांचे म्हणजे म्हातारे नव्हेत. खाचा झिजलेल्या नाहीत आणि कडेला भेगा नाहीत, एवढं बघा. हवा सकाळी टायर गार असताना तपासायची, जादा चाकाचीही, कारण तेच नेहमी विसरलं जातं आणि नेमकं त्याच दिवशी बसलेलं निघतं. ब्रेकची चरचर मात्र ऐका. बऱ्याच गाड्यांच्या ब्रेक पॅडला एक छोटी पत्र्याची पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजत आलं की ती पट्टी चकतीला घासते आणि किंचाळते, म्हणजे तुम्ही लक्ष द्यावं. कधी नुसती धूळही असते, पण निघायच्या आधी चाक उतरवून बघितलंच पाहिजे. गाडी गॅरेजात न्यायला तुम्ही जाऊ नका. मामाबरोबर मुलालाच जाऊ द्या. त्यानं झिजलेलं पॅड हातात धरून बघावं. आणि येताना चाक बदलायला शिकून यावं. गाडी जॅकवर चढवण्याआधीच नट थोडे सैल करायचे असतात, एकदा चाक हवेत गेलं की पान्याबरोबर चाकच गरगर फिरतं. हे सांगून कळत नाही, एकदा घाम गाळावा लागतो.

आता ॲप. लपवून नको, अजिबात नको. सापडलं तर (आणि सापडतंच, फोन त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतो) पुढची पाच वर्षं तो तुमच्या प्रत्येक 'सहज विचारलं'मागं काहीतरी शोधत राहील. शिवाय ते तुमच्या उपयोगाचंही नाही. फोनला आपण कुठं आहोत हे उपग्रहांकडून कळतं, त्याला नेटवर्क लागत नाही, पण ते तुम्हाला कळवायला लागतं. म्हणजे तुमच्या पडद्यावरचा ठिपका नेमका तिथंच थिजेल जिथं रस्ता एकाकी आहे, आणि तुम्ही रात्रभर थिजलेल्या ठिपक्याकडे बघत बसाल. त्याऐवजी मुलालाच विचारा: तू कुठं आहेस ते आम्हाला अधूनमधून दिसू देशील का? हो म्हणाला तर उत्तम. नाही म्हणाला तरी रोज सकाळी निघण्याआधी आज कुठल्या दिशेला आणि साधारण कुठवर, एवढं तो घरी कळवील आणि तुम्ही ते कागदावर लिहून फ्रिजवर लावाल, एवढ्यावर तडजोड करा. शोधायची वेळ आलीच तर शोधणाऱ्यांना त्या कागदाचाच उपयोग होतो.

फोन किती वेळा, याचं उत्तर द्यायच्या आधी एक गोष्ट सांगते, कारण 'आमच्या घरात असलं कुणी केलेलं नाही' हे तुमचं वाक्य माझ्या डोक्यात घोळतंय. मोटारीतून लांबचा प्रवास म्हणून ज्याची जगात पहिली नोंद होते, त्या प्रवासाला गाडीत कोण होतं, ठाऊक आहे? एक आई आणि तिचे दोन मुलगे. ऑगस्ट १८८८. जर्मनीतल्या मानहाइम गावात कार्ल बेंझ यांनी तीन चाकांची मोटार बनवून ठेवलेली, पण ती घ्यायला कुणी पुढं येईना. त्यांची बायको बेर्था एके दिवशी पहाटे १५ वर्षांच्या ऑइगेनला आणि १३ वर्षांच्या रिचर्डला घेऊन, नवऱ्याला पत्ता लागू न देता, गाडी घेऊन निघाली ती १०० किलोमीटरवरच्या आपल्या माहेरी, फोर्झहाइमला. इंधन संपलं तेव्हा वाटेतल्या वीसलोख गावच्या औषधवाल्याकडून डाग काढायचा द्रव विकत घेऊन टाकीत ओतला. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. आणि चढ आला की गाडीचा जीव कमी पडे, तेव्हा पोरांनी खाली उतरून ती ढकलायची. परत आल्यावर ही तक्रार कार्लरावांच्या कानावर गेली आणि गाडीला चढासाठी आणखी एक गिअर बसला.

मला या गोष्टीतली टोपीची पीन आवडते, पण तुमच्यासाठी मोलाचं आहे ते ढकलणं. ती दोन पोरं त्या गाडीत सामान म्हणून बसलेली नव्हती, त्यांच्यावाचून गाडी चढ चढली नसती. आणि बापाला कधी कळलं? संध्याकाळी, पोचल्यावर, तारेनं. एकदाच.

तेव्हा फोन रोज एकदा, संध्याकाळी मुक्कामाला टेकल्यावर. बोलणंच हवं असं नाही, दोन ओळींचा निरोपही चालेल. निरोप आला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी किती वाजेपर्यंत थांबायचं आणि मग कुणाला फोन लावायचा, हे निघायच्या आधी तिघांनी बसून ठरवा. वेळ ठरलेली असली की त्याआधीची भीती थोडी आटोक्यात राहते. पूर्ण जाणार नाही. माझीही कधी गेली नाही.

आता नकाशा.

मी सोळा वर्षांची असताना माझ्या काकांनी मला असंच जीपमधून नेलं होतं. निघताना त्यांनी घड्या पडून पडून चार ठिकाणी फाटलेला कागदी नकाशा माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाले, 'तू सांगशील तिकडे वळायचं.' एवढीच सूचना. पहिले दोन दिवस मी नुसती मिरवत होते. १ सेंटिमीटरला अडीच किलोमीटर असा तो नकाशा, मी पट्टीनं अंतर मोजे आणि रोज दोन-दोन तास उशीर होई. मग एका मुक्कामावर कुणीतरी दोरा दिला. दोरा रस्त्याच्या वळणावळणांवरून अंथरायचा, मग सरळ ताणून मोजायचा. पट्टीचे १२ सेंटिमीटर दोऱ्यानं १९ भरले. तेव्हा कळलं की डोंगरातला रस्ता किती खोटं बोलतो. आडरस्त्यावर थांबे धरून तासाला ३० किलोमीटर, हा हिशेब तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्का आहे.

तिसऱ्या दिवशी एक फाटा आला. मी नकाशात डोकं घालून ठासून सांगितलं, डावीकडे. काकांनी गाडी डावीकडे घेतली. एक शब्द बोलले नाहीत. ३५ किलोमीटर गेलो. आधी डांबर गेलं, मग खडी गेली, मग चाकोरीच्या मधोमध गवत लागलं, आणि शेवटी रस्ता नदीत उतरला आणि दिसेनासा झाला. पुलाचे दोन खांब पाण्यात उभे होते, वर काही नाही. माझ्या नकाशावर पूल होता, दोन बारीक रेघांचा, व्यवस्थित. काकांनी इंजिन बंद केलं. तापलेलं बॉनेट टिकटिक करत होतं तेवढाच आवाज. ते खाली उतरले, तोंड धुतलं, दगडावर बसून बुटातली खडी झटकली आणि म्हणाले, 'आता?'

मला रडू येत होतं. पलीकडच्या काठावर एक बाई शेळ्या राखत होती. तिला ओरडून विचारलं, तिनं काठीनं मी आले त्याच दिशेला दाखवलं. मी म्हटलं, काका, पाणी फार नाही, जीप जाईल. काकांनी किल्ली काढली, खिशात टाकली आणि म्हणाले, 'ते नाही.' रागावून नाही, आवाजही चढला नाही. फक्त ते दार बंद होतं. बाकी सगळी दारं उघडी होती. इंधनाचा काटा त्यांनी बोटानं नुसता दाखवला, आणि मी तिथं दगडावर बसून ३५ अधिक ३५ अधिक पुढचे किती, असा हिशेब केला. तीनला पोचायचं तिथं सातला पोचलो.

कित्येक वर्षांनी मी त्यांना विचारलं, तुम्हाला शंकाही आली नव्हती? तर म्हणाले, 'फाट्यावरच पाटी होती, पूल बंद म्हणून. तू नकाशात डोकं घालून बसली होतीस.'

तुमच्या मामाला एवढंच सांगायचंय. मुलगा रस्ता चुकला तर चुकू दे. वेळ जाईल, इंधन जाईल, एखादा मुक्काम हुकेल, एक रात्र गाडीत पाय दुमडून झोपावं लागेल. जीव जाण्यासारखं असेल तिथं किल्ली काढून खिशात घालायची आणि बाकीच्या वेळी बाहेर बघायचं. खर्चाचं पाकीटही मुलाकडेच ठेवा. ८ दिवसांची रक्कम एकदाच द्या आणि वर आणखी पैसे नाहीत हे आधी सांगा. सहाव्या दिवशी संपली तर सहाव्या दिवशी परत येतील. तुमच्या बायकोनं दोन मिनिटांत होकार दिला, तिला तिचा भाऊ कसा आहे ते माहीत आहे. त्या माहितीवर थोडा विश्वास टाका. मात्र फोनमध्ये त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून घेऊ द्या. कागदाचं माझं वेड त्याच्यावर लादायचं कारण नाही, आणि खरंच अडलं तर तो हाताशी असावा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी ८ दिवस जास्त नाहीत. पहिले दोन दिवस नवलाईचे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोघांचं भांडण होईल, मग खरा प्रवास सुरू होईल. तीन दिवसांत परत आणलंत तर नवलाई आणि भांडण एवढंच हाती लागेल.

आता ताटाकडे.

'मग राहू दे' हे तुम्हाला 'तुम्ही नको' असं ऐकू आलं. मला तसं ऐकू येत नाही. तुम्ही सोबत गेलात की फाट्यावर तुम्हाला पाटी दिसणार, आणि दिसली की तुम्ही बोलणार. तुमचा दोष नाही, सतरा वर्षं तुमचं तेच काम होतं: पाटी त्याच्या आधी वाचायची. ते काम तुम्ही इतकं चोख केलंत की त्याला अजून स्वतः एकही वाचावी लागलेली नाही. तुमच्यासमोर तो मुलगाच राहणार, मामासमोर अर्धा मुलगा आणि अर्धा कुणीतरी दुसरा होऊन बघता येतं. तो दुसरा कसा आहे ते त्यालाच ठाऊक नाही, मग तो पहिल्या प्रयोगाला तुम्हाला पुढच्या रांगेत कसा बसवेल?

आणि थोडं टोचेल असं बोलते. तुम्हाला मामाचा हेवा वाटतोय. वाटू दे. गाडीत दोघंही समोर बघत बसतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, हात कशात तरी गुंतलेले असतात, आणि गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही. अशा जागी या वयाची मुलं बोलतात. घरी समोर बसवून 'काय चाललंय तुझं?' विचारलं तर भिंतीला उत्तर सुचेल, त्याला सुचणार नाही. आठ दिवसांत तो मामाला असं काहीतरी सांगेल जे तुम्हाला सांगितलेलं नाही. मामाकडून ते काढून घ्यायचा प्रयत्न करू नका, आडून आडूनही नाही. ज्या घरात पोरानं बोलायला आणखी एक मोठं माणूस आहे, ते घर मला सुरक्षित वाटतं, आणि तुमच्या ॲपपेक्षा त्याचा भरवसा जास्त.

आज रात्री जेवताना सांगून टाका: 'तुम्ही दोघं जा. मी येत नाही.' त्यापुढं अटींची यादी लगेच वाचू नका, अटी दुसऱ्या दिवशी मामाला बोलावून तिघांनी बसून ठरवा. यादीसकट दिलेला होकार त्याला नकारासारखाच ऐकू येईल. कदाचित तो नुसतं 'बरं' म्हणेल आणि उठून जाईल. त्याला आनंद झालाय की नाही हे चेहऱ्यावरून शोधत बसू नका.

तो परत येईल त्या दिवसाबद्दल थोडं. पोर वयात येताना जगभरच्या समाजांत जे विधी होतात, त्यांचे आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकानं १९०९ साली तीन टप्पे सांगितले: आधी घरापासून तोडणं, मग मधला ना इकडचा ना तिकडचा काळ, आणि शेवटी नव्या नात्यानं परत आत घेणं. पहिले दोन मामा बघून घेईल. तिसरा घरच्यांच्या हातात असतो, आणि तिथंच आपण माती खातो. पोरगं उन्हानं रापून येतं, आपण म्हणतो, 'काय अवतार केलायस, आधी अंघोळ कर, आणि ती खोली आवर.' झालं, आठ दिवस गेले पाण्यात. कपडे मळलेले असू देत. तो बोलेल तेवढंच ऐका. फ्रिजवरचे आठ कागद काढून त्याच्या हातात द्या. तुम्ही रोज लिहून ठेवत होतात आणि तरी मध्ये पडला नाहीत, हे त्याला त्यावरून कळेल.

महिनाभरानं त्याला विचारा, त्या आठ दिवसांत सापडलेली एखादी जागा मला दाखवतोस का? एक दिवस, तुम्ही दोघंच. चाक तुमच्याकडे, नकाशा त्याच्याकडे. रस्ता तुम्हाला ठाऊक असला तरी ठाऊक नाही. फाट्यावर पाटी दिसली आणि तो चुकीचं वळण सांगत असला, तर तो सांगेल तिकडे गाडी घ्या आणि बाहेर बघा. किती किलोमीटर गप्प राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माझे काका ३५ राहिले होते.